सेकंडचा माल

चेकिंगमावशींच्या हातात काहीही दिलं, की त्या आधी ते उजेडाला धरत. कुणाच्या बाळाचं झबलं, गीतांच्या पुस्तकाचं पान, शेंगाचटणीची बरणी, माझ्या चष्म्याची काच. मान जरा डावीकडे कलती करायची, डोळे बारीक करायचे, क्षणभर बघायचं आणि म्हणायचं, "हं." त्या "हं"चा अर्थ एकच. दोष सापडला. दोष सापडला नाही असं त्यांच्या हयातीत एकदाही झालं नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. वस्तू परत देताना त्या अशा हसत, जणू आता कुठे तिची खरी ओळख झाली.

लोक म्हणायचे, मावशी भांडखोर आहेत. होत्याच. भर उपासनेत मध्येच बोलत, हेही खरं. त्या गेल्यापासून त्यांच्याबद्दल सगळे फार गोड बोलतात. मला ते सहन होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

त्यांचं नाव कृपाबाई. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळे रागावल्या की मराठीतून सरळ कन्नडमध्ये जात. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं चेकिंग केलं. मागावरून उतरलेला टॉवेल ट्यूबलाइटसमोर ताणून धरायचा. सुटलेला फास, तुटलेला धागा, तेलाचा ठिपका शोधायचा आणि सापडला की तिथे निळ्या खडूने गोल करायचा. दोष असलेला टॉवेल 'सेकंड'च्या गठ्ठ्यात, बाकीचे 'फर्स्ट'मध्ये. एकदा मी त्यांना विचारलं, की फर्स्टमध्ये दोष अजिबात नसतो का.

"सत्तावीस वर्षांत असा एक टॉवेल न्हाय बघितला मी," त्या म्हणाल्या. "फर्स्ट म्हंजे काय, म्हाईत हाय का? ज्याचा दोष गिऱ्हाइकाला दिसत न्हाय, तो फर्स्ट."

त्यांच्या घरी एकही फर्स्टचा टॉवेल नव्हता. कारखान्यातून सेकंडचेच आणत. "अंग पुसतंच की," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. लग्नात आहेरही सेकंडच्याच टॉवेलचा. आणि तो गुपचूप द्यायचा नाही. स्टेजवर चढून, नवरा-नवरीसमोर उलगडून, त्यावरचा निळा गोल बोटाने दाखवायचा. "हितं फास सुटलाय बघ. ओढू नको, म्हंजे जन्मभर टिकंल." फोटोग्राफर खोळंबलेला, मागे रांग लागलेली. "कशा आहात मावशी?" असं कुणी विचारलं, तर त्या "बरी आहे" म्हणत नसत. म्हणत, "सेकंड."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्या लाजरेपणामुळे. मी सात रस्त्याजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे बोलायची वाक्यं ठरलेली असतात, म्हणून जमतं. चर्चमध्ये तसं नव्हतं. उपासना संपली की सगळे कडुलिंबाखाली उभे राहून एकमेकांची चौकशी करत आणि माझी चौकशी नेहमी लग्नापाशी येऊन थांबे. शिवाय मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घाईत उत्तर दिलं की एखाद्या शब्दाचं लिंग चुकायचं आणि बायका प्रेमाने हसायच्या. मला ते प्रेम नको असायचं. म्हणून मी वेदीमागच्या छोट्या खोलीत पळायचे. तिथे मावशी प्रभुभोजनाचे पेले धूत.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यातून द्राक्षरस. पेल्यांचे ट्रे बाकाबाकांवरून हातोहात फिरतात. मावशी पहिल्या गीताच्या वेळी दाराआडून डोकावून माणसं मोजत आणि तेवढेच पेले भरत. रस वाया गेलेला त्यांना चालत नसे. पेले नंतर धुवायचे, तेही ड्रममधल्या साठवलेल्या पाण्याने, कारण आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. मी फडकं घेऊन पुसायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही की लग्नाचंही विचारलं नाही. मी पुसलेला पेला त्यांनी खिडकीशी धरला आणि म्हणाल्या, "हं."

"डाग राहिला का?"

"बोटाचा ठसा हाय. तुझाच. राहू दे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा बसंल." मग जरा वेळाने, "बोलतीस की गं. मला वाटलं, मुकी हाईस."

त्या दिवसापासून त्या मला 'मुके' अशीच हाक मारत. चारचौघांत. मला राग यायला हवा होता. आला नाही.

आमच्याकडे अधूनमधून साक्षीची सभा होते. ज्याला वाटेल त्याने उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. चर्चचे सेक्रेटरी एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. कुणी आजारी पडलं, की दवाखान्यात सगळ्यात आधी सर हजर. पण साक्ष द्यायला उभे राहिले, की दर वेळी शेवट ठरलेला: "आज मी धैर्याने म्हणू शकतो, की माझं अंतःकरण स्वच्छ आहे." एकदा तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "खिडकीजवळ येऊन म्हणा की सर. हितं उजेड कमी हाय."

मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. सर खाली बसले, पण विसरले नाहीत.

बायबलमधला एक प्रश्न मावशींना फार आवडे. मन आपण धुऊन निर्मळ केलं, आता पाप उरलं नाही, असं म्हणू शकेल असा कुणी आहे का, असा काहीसा तो प्रश्न. शाळेत मी तो इंग्रजीत वाचला होता आणि वाचून पुढे गेले होते. मावशी पुढे जात नसत. त्यांच्या प्रतीत त्या जागी निळ्या खडूचा गोल होता.

आता सलोमीताईबद्दल. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, संडे स्कूलची टीचर. ती अंगणात आली, की मुलं तिच्या ओढणीला लोंबकळत. तिला सगळ्यांशी बोलता येई. म्हाताऱ्यांशी, पाळकांशी, रिक्षावाल्यांशी दखनीत, शेजारच्या विणकरांच्या घरी तोडक्यामोडक्या तेलुगूत. माझ्या आईचा आवडता विषय म्हणजे सलोमी. "बघ, कशी मोकळी आहे मुलगी." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल.

एका संध्याकाळी दवाखान्यातून निघताना सात रस्त्याच्या ज्यूसच्या गाड्यावर मला सलोमीताई दिसली. बरोबर एक मुलगा होता, आमच्या समाजातला नव्हे. दोघं हसत होती. तिचा हात त्याच्या हातात होता. तिने मला पाहिलं आणि जराशी मान हलवली. मी घरी आले. आई भाकरी करत होती आणि कशावरून तरी पुन्हा तेच म्हणाली, सलोमी कशी मोकळी आहे. मी म्हणाले, "हो, आज सात रस्त्यावर बरीच मोकळी दिसत होती."

मग आईने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिले, की खोटं काहीच नव्हतं.

आई महिला मंडळात होती. तिथून ते चर्चच्या कमिटीत गेलं. पंधरा दिवसांत निर्णय झाला. सलोमीला संडे स्कूलमधून काढलं आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. तिने मंडळीसमोर उभं राहून माफीपत्र वाचायचं, मग पुढचं बघू. माफीपत्र तिला लिहायचंही नव्हतं. ते कमिटीनेच लिहून टाइप करून ठेवलं होतं.

मावशींना हे पेले पुसताना कळलं, माझ्याकडूनच. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "चल गं मुके. रिक्षात चढायला मला हात लागतो." त्यांचा डावा गुडघा दुखायचा. मी त्यांना पाळकसाहेबांच्या घरी घेऊन गेले आणि सोफ्याच्या टोकाला बसले.

पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, मऊ स्वभावाचे. "मावशी, मलाही बरं वाटत नाही. पण मंडळी पवित्र राहिली पाहिजे. नियम आहे."

"साहेब, तुमी शिकलेले. तो सवाल वाचलाय न्हवं? मन निर्मळ म्हणणारा कोण, तो?"

"वाचलाय मावशी."

"त्याच्या खाली उत्तर लिवलंय का?"

"नाही."

"न्हाय. देवानं जागा कोरी सोडली हाय. तुमच्या कमिटीनं तितं सह्या केल्या व्हय?"

पाळकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "याचा अर्थ, कुणी काहीही करावं आणि आपण गप्प बसावं?"

"कुटं म्हणले मी तसं? दोष दिसला तर खूण करायची. कारखान्यात मला हेच शिकवलं. खूण करायची, फाडायचं न्हाय. पोरगी चोरून भेटली, आईबापाशी खोटं बोलली. बोलवा घरात, कान धरा. मी धरते की. पण भरल्या मंडळीत उभी करून, तुमचं लिवलेलं तिच्या तोंडून वाचवून घ्यायचं? ही खूण न्हवं साहेब."

परतताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. मी बोलू शकले असते. वाटेत तीन सिग्नल लागले.

तो रविवार आला. सर व्यासपीठाशी उभे राहिले आणि सलोमीचं नाव घेतलं. ती पुढे गेली. पांढरा ड्रेस, हातात टाइप केलेला कागद. तिची आई खाली बघत होती. ताईने कागद उघडला आणि तिचा आवाजच फुटेना. ज्या मुलीला सगळ्या गावाशी बोलता येत होतं, तिला.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं आणि मावशी बाहेर आल्या. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश, सरळ तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याही हातात कागद होता, वहीतून फाडलेला.

"मावशी, तुमची पाळी नाही," सर म्हणाले.

"माझी पाळी तीस वर्षांमागं होती सर. राहून गेली."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्यांचं वाचन अडखळत चाले, म्हणून शब्द अजून नीट आठवतात. कारखान्यात त्यांच्या टेबलावर नरसम्मा नावाची बाई होती. एकदा तेलाचे डाग असलेला मोठा माल फर्स्टमध्ये गेला आणि परत आला. तो मावशींच्या हातून गेला होता. साहेबांनी विचारलं, कुणाचं काम? मावशी गप्प राहिल्या. नरसम्माचं नाव आलं, तेव्हाही गप्प राहिल्या. नरसम्माला घरी पाठवलं. "मी खोटं बोलले न्हाय. नुसती गप्प बसले. लेकरं होती माझी, असं मी सांगायची स्वतःला. लेकरं तिला पण होती. मागनं मी तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, सगळं ऐकलं आणि दार लावलं. बरोबर केलं तिनं."

कागद त्यांनी घडी करून पदराला खोचला. मग मंडळीकडे बघितलं. मान जरा डावीकडे कलती, डोळे बारीक. दोनशे माणसं त्यांनी उजेडाला धरली.

"आता ज्याला आपलं मन फर्स्टचं वाटतंय, त्यानं हितं यावं. ह्या पोरीच्या हातातला कागद घ्यावा आणि मोठ्यानं वाचावा. दुसऱ्या कुणी वाचायचा न्हाय."

पुढच्या बाकावरचे कमिटीचे लोक समोरच्या क्रुसाकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"मावशी, देवाच्या घरात हे शोभत नाही," सर म्हणाले. आवाज चढला होता.

"सुम्ने," मावशी म्हणाल्या. गप्प राहा, असं कन्नडमध्ये. "देवाचं घर म्हणता न्हवं? त्याच्या घरात सगळा सेकंडचाच माल हाय सर. त्यानं बघून घेतलाय. फर्स्टचा त्यानं मागवलाच न्हवता."

मला उठायचं होतं. पुढच्या बाकाची कड मी दोन्ही हातांनी धरली होती. उठायचं, चार पावलं चालायचं, तिच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचं आणि म्हणायचं: मी सांगितलं, आणि चांगल्या मनाने नाही सांगितलं. वाक्य मराठीत तयार होतं, त्यात एकही लिंग चुकलेलं नव्हतं. मी उठले नाही.

पाळकसाहेब उठले. त्यांनी सलोमीच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. "आपण सगळे उभे राहून पापांगीकार करू," ते म्हणाले. पापांची कबुली एकसुरात म्हणायला सगळे उभे राहिले. त्या गर्दीत मीही उभी राहिले. सगळ्यांबरोबर उभं राहायला काही लागत नाही.

माफीपत्र टळलं, बंदी टळली नाही. कमिटीने तेवढं धरून ठेवलं. सलोमी आता शेवटच्या बाकावर बसे. प्रभुभोजनाच्या रविवारी मावशी पेले भरून द्यायच्या, मग तिच्याशेजारी जाऊन बसायच्या आणि ट्रे आला की दोघी तो हात न लावता पुढे द्यायच्या.

"तुम्ही का घेत नाही? तुम्हाला तर बंदी नाही," मी विचारलं. आम्ही पेले धूत होतो. ट्रेमध्ये दोन भरलेले पेले होते.

"ते मेज सेकंडच्या मालासाठीच मांडलंय. तिला उठवून मी कोणत्या तोंडानं जेवू?" त्यांनी ते दोन पेले कडुलिंबाच्या मुळाशी रिते केले. उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, मातीला द्यायचा, अशी आमची पद्धत आहे.

तेव्हा मी सांगितलं. ज्यूसचा गाडा, आईचं वाक्य, माझं वाक्य. मावशी पेला विसळत राहिल्या.

"मी खोटं नाही बोलले, मावशी."

"व्हय. धागा खराच सुटलेला होता." त्यांनी पेला खिडकीशी धरला. "पण तू खूण केलीस, का ओढलास?"

मी फडकं पिळत राहिले. त्यात पाणी नव्हतं.

"मला सांगून काय उपयोग? जिचा धागा, तिला सांग. आणि दार लावलं तर सुम्ने परत ये. रडायचं न्हाय तिच्यासमोर. रडलीस, की तिलाच तुझे डोळे पुसाय लागतील."

सलोमीताईला मी तिच्या घराच्या जिन्यात गाठलं. ती पायरीवर बसून ऐकत होती. सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "मला माहीत होतं. ओळखीची तू एकटीच होतीस तिथे. मी तेव्हा मान हलवली होती तुला. वाटलं होतं, ही बोलायची नाही कुणाशी. ही कुठे बोलते."

तिने पायरीवरची धूळ बोटाने झटकली.

"आणि आज का सांगतेस? तुझं मन हलकं व्हावं म्हणून?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण मावशींची कलती मान डोळ्यांसमोर आली. मी म्हणाले, "हो. तेही आहे."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "बरं. निदान हे तरी खरं." आणि उठून आत गेली. दार लावलं नाही. उघडंही ठेवलं नाही. लोटलं.

पुढच्या महिन्यात ट्रे माझ्यापर्यंत आला, तेव्हा मी तो तसाच पुढे दिला. शेजारी आई होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा पेला उचलला. त्या दिवशी चार पेले भरलेले परत आले. मावशी, सलोमी, मी. चौथा सलोमीच्या आईचा असावा. त्याच्या पुढच्या महिन्यात नऊ. कुणी कुणाशी ठरवलेलं नव्हतं. कडुलिंबाखाली याबद्दल चकार शब्द निघत नव्हता. पण वेदीमागच्या खोलीत आम्हाला दिसत होतं. मग सोळा. मग आईचा. तिने तो पुढे दिला आणि पदराने चष्मा पुसत बसली. मंडळीत इतकी माणसं स्वतःला उजेडाला धरत असतील, याची मला कल्पना नव्हती. मला वाटायचं, हे फक्त माझ्यासारख्या भित्र्या लोकांना जमतं.

आठव्या महिन्यात पहिल्या बाकाचा ट्रे आला. त्या बाकावर फक्त कमिटी बसते. त्यात एक पेला भरलेला होता.

"मावशी! हा कुणाचा?" मी दाराकडे धावलेच. मी, जी कधी कुठे धावत नाही.

"ये हिकडं." त्यांनी माझा दंड धरला. "शोधायचं न्हाय. ज्याचा हाय त्याला ठाव हाय." तो पेला त्या स्वतः कडुलिंबाशी घेऊन गेल्या. इतरांपेक्षा जरा जास्त वेळ तिथे उभ्या राहिल्या.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेबांनी एका वाक्यात सांगितलं, की सलोमीवरची बंदी कमिटीने मागे घेतली आहे. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. ट्रे शेवटच्या बाकावर आला. सलोमीने पेला घेतला, मग मावशींनी. त्या दिवशी सगळे पेले रिकामे आले. एकूण एक. मावशींनी ते मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, "आज धुवायला लई हायेत, मुके. हात चालव."

सलोमीताईने त्याच मुलाशी लग्न केलं आणि पुण्याला गेली. मावशींनी अर्थातच सेकंडचा टॉवेल दिला. सगळ्यांसमोर उलगडून, गोल दाखवून. ताई आणि मी मैत्रिणी झालो नाही. पण वाढदिवसाला तिचा मेसेज येतो आणि मीही करते. लोटलेलं दार आहे ते. मला तेवढं पुरतं.

मावशी मागच्या उन्हाळ्यात गेल्या. दुपारी पेले पुसून ठेवले, घरी जाऊन आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. सर बोलायला उभे राहिले. खूप चांगलं बोलले, मनापासून बोलले. आणि शेवटी म्हणाले, "आमच्या कृपाबाई निष्कलंक जीवन जगल्या. त्यांच्या आयुष्यावर एक डाग नव्हता." लोक माना डोलवत होते. मी त्या डोलणाऱ्या माना बघत होते आणि मला नरसम्मा आठवत होती. त्या बाईला, तिने लावून घेतलेल्या दाराला, आणि सगळ्यांसमोर वाचलेल्या त्या वहीच्या कागदाला ही माणसं एका वाक्यात पुसून टाकत होती. मावशींनी आयुष्यभर जे लपवू दिलं नाही, ते आता त्यांना उठता येत नाही म्हणून झाकलं जात होतं.

शवपेटीचं झाकण लागलं. सलोमीताई पुण्याहून आली होती. तिने पिशवीतून तिच्या लग्नातला टॉवेल काढला आणि झाकणावर पसरला. तो तिने कधी वापरला नव्हता. निळा गोल तसाच होता, बरोबर वरच्या बाजूला. सर पुढे झाले. चांगुलपणानेच, एखाद्याची कॉलर नीट करावी तसं, त्यांनी टॉवेलचं ते टोक आत दुमडलं.

"सर, ते वर राहू द्या."

आवाज कुणाचा, म्हणून लोक मागे वळले. मी उभी होते. आईने माझी ओढणी धरली होती. मी ती सोडवून घेतली.

"अगं, तो डाग दिसतोय," सर हळूच म्हणाले.

"दिसू द्या." मी पुढे चालत गेले. चार पावलं नव्हती, बरीच होती. "मावशी निष्कलंक नव्हत्या, सर. तुमच्यासमोर उभं राहून त्यांनीच सांगितलं होतं. त्या सेकंड होत्या. मीही आहे. सलोमीताईची गोष्ट कमिटीपर्यंत माझ्यामुळे गेली, आणि मी ती जळून सांगितली होती. हे त्या दिवशी इथे उभं राहून बोलायचं होतं. राहून गेलं."

मी दुमडलेलं टोक बाहेर काढलं. जुनी घडी बसलेली, ते सरळ होईना. निळा गोल अर्धाच दिसत होता.

सर माझ्याकडे बघत राहिले, मग टॉवेलकडे. त्यांची मान जरा डावीकडे कलली.

"हं," ते म्हणाले. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते टोक ओढून सरळ केलं.